चाळीस हजारांचा ब्लॅकजॅक कोर्स आणि आमचे सहा रविवार

यंदा मार्चमध्ये एका रविवारी सकाळी धाकट्या बहिणीचा डोंबिवलीहून फोन आला. "दादा, हा चाळीस हजार भरून पत्ते मोजायचा कोर्स लावतोय. माझं ऐकत नाही, तू बोल त्याच्याशी." मागून भाच्याचा आवाज आला, "मामाला सांग, हा जुगार नाहीये, गणित आहे."

भाच्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच त्याला नुसतं रागावून गप्प करणं मला पटेना. मी एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. ब्लॅकजॅक हा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ: पानांची बेरीज एकवीसच्या वर जाऊ न देता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायची. त्यातली पत्त्यांची मोजणी हे संभाव्यतेचं फार देखणं उदाहरण आहे, वर्गात मी ते कितीदा तरी सांगितलंय. हेच गणित डोंबिवलीत राहणाऱ्या, हातात महिना ५८ हजार येणाऱ्या मुलानं चाळीस हजारांना विकत घेतलं तर तो ते वापरणार कुठे आणि त्यातून त्याच्या हाती काय उरणार, एवढंच मला तपासायचं होतं. त्यात सहा रविवार गेले. भाच्याची परवानगी घेऊन सगळं इथे मांडतोय. नावं कुणाचीच देत नाही.

प्रकरण काय होतं

भाचा २७ वर्षांचा. ऐरोलीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे घरची मंडळी भाड्यानं राहतात, आणि याच्या डोक्यात स्वतःच्या वन बीएचकेचं डाउन पेमेंट सतत फिरत असतं. गेल्या नोव्हेंबरात ऑफिसातल्या चौघांबरोबर तो गोव्याला गेला. मांडवीतल्या बोटीवरच्या कॅसिनोत एक रात्र काढली आणि ब्लॅकजॅकवर ६ हजार हरला. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस मात्र सारखा जिंकताना दिसत होता. उठताना तो हसत म्हणाला, "नशीब नाही भाई, काउंटिंग." परतीच्या गाडीत भाच्यानं फोनवर ते शोधलं, आणि त्या दिवसापासून कोर्सच्या जाहिराती त्याचा पिच्छा सोडेनात.

कोर्स दोन टप्प्यांचा होता. पहिला ४,९९९ रुपयांचा, २२ रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. तो भाच्यानं घेऊनही झाला होता. दुसरा ३९,९९९ रुपयांचा: आठ आठवडे ऑनलाइन शिकवणी, टेलिग्रामचा ग्रुप, आणि 'तयार' झाल्यावर एक प्रमाणपत्र. पैसे एकदम नसतील तर एका कर्ज ॲपवरून सहा हप्ते. जाहिरातीत दोन दावे ठळक होते. एक, 'दहापैकी सात डाव जिंका'. दुसरा, 'महिन्याला दीड लाख, तेही फक्त वीकेंडला'. भाच्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्रानं दुसरा टप्पा आधीच घेतला होता.

व्हिडिओत काय होतं

मी दोन संध्याकाळी बसून बावीसच्या बावीस व्हिडिओ पाहिले. शिकवणारा बरं शिकवतो, हे सांगायलाच हवं. खेळाचे नियम, कोणत्या हातावर पान घ्यायचं आणि कोणत्यावर थांबायचं याचा तक्ता, मोजणी, आणि उरलेल्या पत्त्यांच्या हिशेबानं ती मोजणी दुरुस्त करणं, हे सगळं त्यानं नीट सांगितलंय.

पण यातलं काहीही गुपित नाही. तो तक्ता अमेरिकी सैन्यातल्या चार गणिती जवानांनी साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर काढला आणि १९५६ मध्ये एका संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएमच्या संगणकावर हिशेब करून मोजणीनं कॅसिनोवर मात करता येते हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. आज जी पद्धत बहुतेक कोर्समध्ये शिकवतात ती हार्वी डबनर यांनी १९६३ मध्ये मांडली. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून ही विद्या उघड्यावर पडलेली आहे.

पद्धत दोन ओळींत सांगून होते. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान दिसलं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का वजा एक. एका कॅटमध्ये २० पानं अधिकची, २० वजाची आणि १२ शून्याची, त्यामुळे अख्खा कॅट मोजला की उत्तर बरोबर शून्य आलं पाहिजे. सहा कॅट एकत्र असतील तर डोक्यातला आकडा न वाटलेल्या कॅटच्या संख्येनं भागायचा: अधिक नऊ झालेत आणि तीन कॅट शिल्लक आहेत, तर खरी मोजणी अधिक तीन.

आमच्या घरात हे कुणाला नवीन? माझी आई ८४ वर्षांची आहे. मेंढीकोट खेळताना कोणत्या दश्श्या गेल्या आणि कोणती अजून कुणाच्या हातात दडलीय, हे तिला कायम ठाऊक असतं. गणपतीच्या जागरणाला तिचा भिडू होण्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो. गेलेली पानं लक्षात ठेवून उरलेल्यांबद्दल अंदाज बांधायचा, मुळात मोजणी एवढीच आहे.

मोठी पानं शिल्लक असणं खेळणाऱ्याच्या फायद्याचं का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. एक्का आणि दहाचं पान, म्हणजे दश्शी किंवा चित्राचं पान, जुळलं की ब्लॅकजॅक होतो. तो खेळणाऱ्याला जितका येतो तितकाच डीलरलाही येतो, पण खेळणाऱ्याला त्याचे दीडपट पैसे मिळतात आणि डीलरचा आला तर आपलं फक्त लावलेलं जातं. शिवाय डीलरला सतरा होईपर्यंत पान ओढणं भागच असतं. त्याच्याकडे पंधरा-सोळा असताना ढिगात मोठी पानं जास्त असतील तर तो एकवीसच्या वर जाऊन फुटतो, आपण मात्र थांबू शकतो.

आता आकडे. तक्ता तंतोतंत पाळला तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा फायदा साधारण अर्धा टक्का राहतो. खरी मोजणी एकानं वाढली की पारडं सुमारे अर्धा टक्का आपल्याकडे झुकतं. म्हणजे अधिक एकला बरोबरी आणि अधिक चारला आपला फायदा जेमतेम दीड टक्का, आणि अधिक चार क्वचितच येतं. बहुतेक वेळ आपण तोट्यात किंवा बरोबरीत खेळत असतो. तेव्हा कमीत कमी लावायचं आणि पारडं फिरलं की वाढवायचं.

इथे जाहिरातीतला पहिला दावा कोसळतो. ब्लॅकजॅकमध्ये तक्ता पाळणारा माणूस शंभरातले ४२-४३ डाव जिंकतो, ४९ च्या आसपास हरतो आणि उरलेले बरोबरीत सुटतात. मोजणी करणाऱ्याचंही प्रमाण जवळपास हेच असतं. तो डाव जास्त जिंकत नाही, जिंकण्याची शक्यता बरी असते तेव्हा पैसे जास्त लावतो. 'दहापैकी सात' म्हणणाऱ्याला एक तर स्वतःचा विषय कळलेला नाही, किंवा कळूनही तो मुलांना फसवतोय. बावीस व्हिडिओ पाहिल्यावर मला दुसरंच खरं वाटतं, कारण अकराव्या व्हिडिओत त्यानं स्वतःच हे ४३ टक्क्यांचं प्रमाण सांगितलंय.

सहा रविवार

भाच्याला मी म्हटलं, "दुसऱ्या टप्प्यात तुला जे शिकवणार ते आपण घरी करू. सहा रविवार दे. मग भर हवे तर."

शनिवारी अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून एकसारखे सहा कॅट आणले. एकूण ३१२ पानं. मी डीलर, भाचा खेळणारा, पैशांऐवजी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. एक बटण म्हणजे हजार रुपये, कमीत कमी एक लावायचं, जास्तीत जास्त आठ. तक्ता त्यानं फोनवर फुकट मिळवला आणि पाठ केला. ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये त्याचा सराव चाले. मेगाब्लॉक असला की परळला माझ्याकडे येताना त्याला दीड तास लागायचा. त्या दिवशी तो तक्ता घोकूनच पोहोचायचा.

दुसऱ्या रविवारी त्यानं एक अख्खा कॅट २८ सेकंदांत मोजला आणि उत्तर शून्य आलं. अर्ध्या मिनिटाच्या आत बसलं की वेग पुरेसा मानतात. म्हणजे ज्या कौशल्यासाठी आठ आठवडे आणि चाळीस हजार मागितले जात होते, ते दोन रविवारात आणि काही शे रुपयांच्या पत्त्यांत त्याच्या हाताशी आलं. त्याचा चेहरा फुलला होता. मलाही आनंद झाला, लपवत नाही.

तिसऱ्या रविवारी मी खोलीतली शांतता काढून घेतली. टीव्हीवर क्रिकेट, स्वयंपाकघरात कुकर, आणि बायकोला सांगितलं की मध्येमध्ये त्याला लग्नाबद्दल विचारत राहा. डावांचे दहा संच खेळलो. प्रत्येक संचानंतर उरलेली पानं उलटी करून त्याची मोजणी ताडून पाहिली. दहापैकी चार वेळा चुकली. दोनदा फरक लहान होता, दोनदा इतका की तोट्यात असताना त्यानं पाच-सहा बटणं लावली होती. आपला फायदा एक-दीड टक्क्याचा असेल तर अशा दोन चुका तो गिळून टाकतात. सहाव्या रविवारपर्यंत चुका दहात एकवर आल्या. त्याला लागला तो फक्त सराव.

सहाव्या रविवारी संध्याकाळी वही मिटली तेव्हा ७१२ डाव झाले होते आणि भाचा ३१ बटणं खाली होता. खरे पैसे असते तर ३१ हजार.

तो हिरमुसला. "म्हणजे चालत नाही ना मामा?" खरं तर या आकड्यावरून 'चालतं' असंही म्हणता येत नव्हतं आणि 'चालत नाही' असंही. ही गोष्ट समजावायला मला त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ लागला, आणि कोर्सचा निकाल माझ्या मते इथेच लागतो.

सरासरी लावणी, म्हणजे एका डावावर लावलेले पैसे, दोन हजार धरा आणि फायदा एक टक्का. हा एक टक्का मी मुद्दाम सढळ हातानं धरलाय, प्रत्यक्षात याहून कमी मिळणं नेहमीचं. म्हणजे डावाला सरासरी २० रुपये मिळकत. पण एक ते आठ हजारांच्या दरम्यान लावत गेल्यावर एका डावाचं प्रमाण विचलन, सोप्या भाषेत वर-खाली होण्याचा आवाका, साधारण तीन हजारांचा येतो. वीस रुपयांचा इशारा आणि तीन हजारांचा गोंगाट. ७१२ डावांत अपेक्षा होती १४ बटणं वर असण्याची, पण त्याभोवतीचा आवाका होता ८० बटणांचा. त्यामुळे वजा ३१ हा अगदी साधा निकाल आहे. अधिक ५० आले असते तरी तोही साधाच. अपेक्षित मिळकत आवाक्याएवढी व्हायलाच सुमारे २३ हजार डाव लागतात. तासाला ७० डाव धरले तर ३३० तास. आपण जिंकतोय ते कौशल्यामुळे, नुसत्या योगायोगानं नाही, असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणायला त्याच्या चौपट.

आता त्या बोटीवरच्या शेजाऱ्याकडे परत बघा. भाच्यानं त्याला दोन तास पाहिलं, म्हणजे फार तर दीडशे डाव. दीडशे डावांत मोजणारा आणि न मोजणारा यांच्यात फरक दिसूच शकत नाही. तीच गोष्ट टेलिग्रामवर टाकलेल्या चिप्सच्या, म्हणजे कॅसिनोत पैशांऐवजी चालणाऱ्या चकत्यांच्या, फोटोंची. ग्रुपमध्ये दोनशे मुलं असली आणि सगळी डोळे मिटून खेळली, तरी एखाद्या वीकेंडला त्यातली ऐंशी-नव्वद जिंकूनच येतील. फोटो तीच टाकणार.

बोटीवरचा हिशेब

समजा चुका शून्यावर आल्या. आता हे खेळायचं कुठे?

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी एक कायदा झाला होता, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. जुगाराला बंदी घालणारा १८८७ चा कायदा मात्र चालू आहे. मुंबईत एखाद्या फ्लॅटमध्ये किंवा 'क्लब'मध्ये टेबल लागत असेल तर तो गुन्हा, आणि तिथे पत्ते पिसणाऱ्याचे हात कसे चालतात हे बघणारं कुणी नसतं. रमीला सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये कौशल्याचा खेळ म्हटलं, त्याचा दाखला कोर्सच्या व्हिडिओत ब्लॅकजॅकसाठी दिलाय. तो निकाल रमीबद्दलचा आहे, तो ब्लॅकजॅकला चिकटवणं चूक आहे. उरला गोवा, आणि लांबचं गंगटोक. गोव्यातही जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांना कायद्यानं यंत्रांवरच्या खेळांचीच मुभा आहे. डीलरच्या हातानं पत्ते वाटणारी टेबलं बोटींवर. म्हणजे मांडवी एक्स्प्रेसनं करमळीला उतरून पणजीच्या धक्क्यावर जायचं.

टेबलावर पोहोचल्यावर पहिल्यांदा काय बघायचं, याला कोर्सनं दोन मिनिटंही दिली नव्हती. ब्लॅकजॅकला दीडपट मिळतात की पाचाला सहा? पाचाला सहा असतील तर कॅसिनोचा फायदा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो आणि मोजणीनं मिळवायचं ते सगळं तिथेच जातं. पानं किती खोलवर वाटली जातात? अर्ध्यावरच पिसायला घेतली तर मोजणी मोठी होण्याआधीच पुसली जाते. आणि टेबलावर अखंड पिसणारं यंत्र असेल, म्हणजे वापरलेली पानं लगेच परत आत जात असतील, तर मोजायला काही उरतच नाही. नोव्हेंबरात तो ज्या टेबलावर बसला तिथे यातलं काय होतं, हे भाच्याला आठवेना. तो घाबरून पत्त्यांकडेच बघत होता.

तरीही सगळं अनुकूल धरून आम्ही वही काढली. शनिवार-रविवार मिळून १६ तास, म्हणजे ११२० डाव. अपेक्षित मिळकत २२,४०० रुपये. वर-खाली होण्याचा आवाका सुमारे एक लाख. म्हणजे अगदी अचूक खेळूनही गोव्याच्या दहापैकी चार फेऱ्यांत भाचा हरून परत येणार. दहा फेऱ्यांचं साधारण चित्र असं: सहा फेऱ्यांत सरासरी ९० हजार जिंकला, एकूण ५ लाख ४० हजार. चार फेऱ्यांत सरासरी ७५ हजार हरला, एकूण ३ लाख. निव्वळ हाती २ लाख ४० हजार. इथवर भाचा खूश होता.

मग मी त्याला आयकराची ओळ लिहायला लावली. अशा खेळातल्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर. तुमचा स्लॅब कुठलाही असो, प्रवासखर्च वगैरे वजा होत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हरलेले पैसे जिंकलेल्यातून वजा करता येत नाहीत. कर २ लाख ४० हजारांवर लागत नाही, ५ लाख ४० हजारांवर लागतो. होतात १ लाख ६८ हजार ४८०. उरले ७१,५२०. दहा फेऱ्यांनी भागा: फेरीला ७,१५२ रुपये.

त्यातून रेल्वे, एका रात्रीची खोली, बोटीवरची एन्ट्री. भाच्यानं पेन खाली ठेवलं.

यात जीएसटी अजून धरलेलाच नाही. कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. काउंटरवर त्यातला थोडासा भार जरी खेळणाऱ्यावर पडला, तरी एक टक्क्याच्या फायद्याचा विषयच संपतो. लाखाच्या चिप्सवर चाळीस हजार कर, आणि आपली फेरीची सगळी अपेक्षा बावीस हजारांची.

भांडवलाचं राहिलंच. हा खेळ खेळत राहून सगळे पैसे बुडण्याची शक्यता पाच टक्क्यांवर ठेवायची तर या लावणीला जवळपास सात लाख बाजूला हवेत. फायदा एकाऐवजी अर्धा टक्का निघाला तर जवळपास चौदा लाख. ज्याच्याकडे सात लाख मोकळे आहेत तो डोंबिवलीत वन बीएचकेचं डाउन पेमेंट करू शकतो, हे भाच्यानंच बोलून दाखवलं.

ऑनलाइनचा सापळा

दुसऱ्या टप्प्यातल्या पाचव्या आठवड्यात 'सरावासाठी' एका ऑनलाइन कॅसिनोची लिंक देतात, हे मित्राच्या फोनवर दिसलं, आणि मला खरा संताप तिथे आला. संगणकावर चालणाऱ्या ब्लॅकजॅकमध्ये बहुतेक ठिकाणी प्रत्येक डावाला पत्ते नव्यानं पिसले जातात. तिथे मोजणी शिकवणं म्हणजे रोज नवा कॅट फोडणाऱ्याला कालची पानं आठवायला लावणं. कॅमेऱ्यासमोर खरा डीलर असला तरी आठ कॅट असतात आणि पानं बरीच आधी कापून बाजूला काढतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर बंदी आणली आहे. आणि अशा लिंकांच्या धंद्यात लिंक देणाऱ्याला पाठवलेल्या गिऱ्हाइकाच्या हरण्यातून वाटा मिळण्याची पद्धत सर्रास आहे. या शिक्षकाला तो मिळतो की नाही याचा कागद माझ्याकडे नाही. पण विद्यार्थ्याला जिंकायला शिकवणारा माणूस त्याला जिथे मोजणी चालूच शकत नाही तिथे का पाठवेल?

भाच्यानं विचारलं, "मग अमेरिकेतले लोक कसे कमावतात?" काही जण कमावतात. दीडपट देणारी टेबलं, खोलवर वाटले जाणारे पत्ते, गटाचं भांडवल, आणि एक कॅसिनो सोडून दुसऱ्यात जायची सोय, एवढं सगळं जमवून. तरी नेवाडात कॅसिनो मोजणाऱ्याला उठवून बाहेर काढू शकतो. न्यू जर्सीत १९८२ मध्ये केन यूस्टन या मोजणी करणाऱ्या खेळाडूनं कोर्टात जाऊन ते थांबवलं, तर तिथल्या कॅसिनोंनी लवकर पिसणं आणि लावणीवर मर्यादा घालणं असे उपाय काढले. तिथे राहणाऱ्या, हाती भांडवल असलेल्या माणसाला एखाद्या अनुभवी खेळाडूनं समोर बसून चुका दाखवल्या तर त्याला मी पैसे देण्यासारखी गोष्ट मानेन. मुंबईतल्या पगारदार मुलासाठी तो कोर्स चाळीस हजारांना महाग आहे, चार हजारांनाही महाग आहे. फुकट मिळतं ते ज्ञान कोर्सवाला विकतो. खरी किंमत असते ती टेबलाला, भांडवलाला आणि करातून सुटलेल्या पैशाला, आणि त्यातलं काहीच त्याच्या दुकानात नाही.

पैशांचं पुढे काय झालं

भाच्यानं दुसरा टप्पा घेतला नाही. ४,९९९ परत मागितले तेव्हा 'रिफंड नाही' अशी अट दाखवण्यात आली. आम्ही ईमेलमध्ये फक्त दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या: जाहिरातीतलं 'दहापैकी सात डाव' आणि त्यांच्याच अकराव्या व्हिडिओतलं ४३ टक्के. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते असं लिहिलं, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक खाली टाकला. तीन आठवड्यांनी ३,५०० रुपये खात्यात आले. उरलेल्या दीड हजारांचा नाद त्यानं सोडला. माझा सल्ला न सोडण्याचा होता.

मित्राचं प्रकरण कठीण आहे. त्याचे दोन हप्ते गेलेत, चार बाकी आहेत, घरी कुणाला माहीत नाही. हप्ते थांबवू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. कर्ज कर्ज ॲपचं आहे, कोर्सवाल्याचं नाही. हप्ता चुकला तर सिबिल स्कोअर याचाच बिघडेल, आणि उद्या घरासाठी बँकेत जाईल तेव्हा तो आडवा येईल. हप्ते भरत राहून तक्रार करायची. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची.

सातव्या रविवारी भाचा त्याला घेऊन परळला आला. आईनं दोघांना पोहे खाऊ घातले आणि मेंढीकोटला बसवलं, दोघंही हरले. मग आम्ही टेबल मोकळं करून त्याचे कागद लावले: पैसे भरल्याची पावती, कर्जाचा करार, ऑनलाइन कॅसिनोच्या लिंकचा मेसेज. जाहिरात मात्र त्याच्याकडे नव्हती. टेलिग्रामवरून त्याला काढून टाकलं होतं आणि मूळ पोस्टही गायब होती. भाचा बराच वेळ फोन चाळत बसला. नोव्हेंबरातला स्क्रीनशॉट निघाला, गोव्याहून परतताना गाडीत काढलेला, 'दहापैकी सात डाव' अगदी स्वच्छ दिसणारा. तो त्यानं तिथल्या तिथे मित्राला पाठवला.